एकतिसावा प्रश्न

आईला दवाखान्यातून घरी आणायला तिन्ही भावंडं एकत्र आली. बाबा गेल्यापासून नऊ वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि दोन जिने चढून तिला पलंगावर टेकवेपर्यंत ती एकमेकांशी इतकी गोड बोलली, की आता भांडण होणार हे कुणीही ओळखावं. आईला खुर्चीत बसवून वर नेलं. पुढून थोरला, मागून धाकटा, आणि बाजूने मधली, नुसतीच "जपून, जपून" करत. धाकट्याची बायको औषधांची पिशवी घेऊन सगळ्यांच्या मागे होती.

"मी काय कपाट आहे का रे?" पहिल्या वळणावर आई म्हणाली. "कोपरा लागला तर ओरडेन की."

सगळे हसले. हसणं संपायच्या आत धाकट्याच्या मनात आलं, की ती ओरडली नव्हती. पडली तेव्हा तिचा आवाज कुणालाच ऐकू आला नव्हता. त्याने खुर्चीचा पाय आणखी घट्ट धरला.

डाव्या हाताला प्लास्टर, कमरेला पट्टा, आणि निघताना डॉक्टरांनी सांगितलेलं एकच वाक्य: यापुढे यांना एकटं ठेवायचं नाही. धाकटा उद्या दुपारी परत जाणार होता. म्हणजे जे काय ठरायचं ते आज, या बाहेरच्या खोलीत, चार खुर्च्या आणि एका डुगडुगणाऱ्या टेबलाभोवती ठरायचं होतं. भिंतीवर बाबांचा पितळी तराजू टांगलेला होता. आतल्या खोलीचं दार कुणीतरी ओढून घेतलं, पण ते पुरतं लागत नसे. ते कधीच लागत नव्हतं, हे तिघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

थोरल्याने काय बोलायचं ते सकाळीच ठरवून ठेवलं होतं. बाबांचं तराजू दुरुस्तीचं दुकान तोच चालवायचा आणि मागच्या दोन खोल्यांत राहायचा. तळमजला, एकही पायरी नाही. चार वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून तो दुकान बंद करून मागे गेला, की सकाळी शटर उघडेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. आई आली तर निदान चहा दोघांचा होईल, असं त्याला वाटे. पण हे असं सरळ बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्यामुळे तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई माझ्याकडे येईल. आपल्या माणसांत राहील."

"दादा, तू दिवसभर दुकानात," धाकटा म्हणाला.

"दुकान आणि घर यांत एक पडदा आहे."

"आणि तिला काही झालं तर? इथल्या दवाखान्यात नेणार?" धाकट्याने फोन टेबलावर ठेवला. "मी माझं शहर चांगलं म्हणून सांगत नाहीये. ही यादी बघ. राहण्यायोग्य एकशे चाळीस शहरं. आमचं तिसरं आहे."

धाकटा लिफ्टचा इंजिनियर होता. माणसाला सुखरूप वर-खाली नेणं हा त्याचा धंदा, आणि आकडा दाखवल्याशिवाय त्याला कुणी काही सांगितलेलं पटत नसे, स्वतःचं दुःखसुद्धा.

"यादी मलाही ठाऊक आहे," थोरला म्हणाला. "आम्ही एकाहत्तरावे. दोन वर्षांपूर्वी एकशे अठरावे होतो. खाली रस्त्यावर बघ, प्रत्येक बसवर लिहिलंय." त्याने यादीचं कात्रण दुकानात गल्ल्याच्या मागे चिकटवलं होतं, आणि काटा घेऊन येणाऱ्या भाजीवाल्यालाही तो ते वाचून दाखवायचा. "सत्तेचाळीस पायऱ्या एका उडीत चढलो."

"कशावर चढलात ते वाच ना! उत्पन्नात तुम्ही एकशे सव्विसावे. दवाखान्यांत एकशे एकोणिसावे. पाण्यात नव्वदच्या खाली. एकाच रकान्याने वर काढलंय तुम्हाला."

"कुठला रकाना?"

"आधार."

"मोठ्याने बोल."

"आधार, आधार! अडचणीत माणसाला माणूस मिळतो का, तो रकाना. त्यात तुम्ही चौथे."

"आणि तुम्ही?"

धाकट्याने फोन उलटा करून ठेवला. "अडतिसावे."

"बघ," थोरला म्हणाला. "पैशाने मागे असू आम्ही. पैसा असला की नळाला पाणी येतं, फरसबंदी धड होते, डॉक्टर वेळेवर येतो, हे मला कळतं. मी काही खुळा नाही. पण दारात उभं राहायला माणूस लागतो, आणि तो विकत मिळत नाही."

"तुझ्या या चौथ्या नंबरच्या गावात माझी आई दहा तास फरशीवर पडून होती, दादा."



"तुझी आई?" थोरला म्हणाला. "मग माझी कोण रे?"

"सकाळी सातला पडली. पाचला ताई आली म्हणून सापडली. फोन केल्यावर दवाखान्याची गाडी यायला पन्नास मिनिटं. आमच्याकडे सहा मिनिटांत येते, मी स्वतः घड्याळ लावून बघितलंय. मी तिकीट काढून आलोय तिचं. विचारून काढलं नाही, हे माझं चुकलं. पण मी तिला इथे टाकून जाणार नाही."

स्वयंपाकघरात मधली चहाचे कप मांडत होती. तिने तेच चार कप तिसऱ्यांदा पुसले.

*

धाकट्याची बायको आत आईपाशी बसली होती. नर्सचं शिक्षण झालेली ही सून त्या तिसऱ्या नंबरच्या शहरात म्हाताऱ्या माणसांच्या एका मोठ्या निवासात काम करायची. उशी कशी सरकवायची, प्लास्टरखाली बोटं गार पडलीत का ते कसं बघायचं, हे तिला न बोलता येत होतं. बाहेरचं सगळं दोघींना ऐकू येत होतं. दोघीही ऐकू येत नसल्यासारखं दाखवत होत्या.

"तुझ्या त्या निवासातली माणसं कशी असतात गं?" आईने अचानक विचारलं.

"चांगली असतात, आई."

"मी तुझ्या नवऱ्यासारखी विचारत नाहीये. खरं सांग."

सुनेने चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत या बाईने तिला सरळ प्रश्न विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. "स्वच्छ असतात. ऊब असते, जेवण वेळेवर मिळतं. पलंगाशी एक दोरी असते. पडलं, दुखलं, की ओढायची. चार मिनिटांत आमच्यातली कुणीतरी पोचते. दहा तास कुणी पडून राहत नाही तिथे. हे खरंच आहे, आई. तुमचा मुलगा खोटं नाही बोलत."

"आणि पोचल्यावर?"

"उचलतो, तपासतो, लिहून ठेवतो."

"मग?"

"मग दुसरी दोरी वाजते." तिने आईची उशी नीट केली. "काही जणी काही न होताच ओढतात. आम्हाला कळतं. आम्ही रागावत नाही, पण बसायला वेळ नसतो."

आईने मान हलवली. तिला हे वाईट वाटलं असं दिसलं नाही. एखाद्या दुकानात मालाची चौकशी करावी, तसं तिने ऐकून घेतलं.

"मला आठला वाटलं, आता दार वाजेल," ती म्हणाली. "ती मदतनीस यायची ना रोज सकाळी आठला. ती बंद होऊन वर्ष झालं, पण पडल्यापडल्या मी विसरलेच. आठ वाजून गेले तेव्हा आठवलं."

"कोण मदतनीस?"

"सरकारी. एकट्या म्हाताऱ्यांकडे घरोघरी फिरायची. फार बडबडी होती. एक दिवस म्हणाली, उद्यापासून येणार नाही. वरून कागद आलाय." आईने डोळे मिटले. "जा, चहा घेऊन ये. आणि त्या दोघांना सांग, जरा हळू भांडा."

*

सून बाहेर आली तेव्हा मधलीने चहा आणला होता आणि तो कुणी पीत नव्हतं.

"ताई, आई म्हणत होत्या सकाळी आठला कुणी मदतनीस यायची. ती असती तर तासाभरात कळलं असतं की! का बंद झाली ती?"

तिने भाबडेपणानेच विचारलं. मधलीने हातातला कप खाली ठेवला.

मधली पाहणीच्या कार्यालयात होती. एकशे चाळीस शहरांच्या यादीसाठी या गावात घरोघरी जी माणसं कागद घेऊन फिरत, त्या चौदा जणांची ती प्रमुख. एकवीस वर्षं तिने हेच केलं होतं. घरात याचं कुणाला फार अप्रूप नव्हतं. थोरला सगळ्यांना "आमची ताई माणसं मोजते" असं सांगायचा आणि विषय बदलायचा.

"मी सांगते," ती म्हणाली आणि उभीच राहिली. "मधे बोलू नका. एकदा थांबले तर पुन्हा जमणार नाही. पाहणीत बासष्ट प्रश्न असतात. घर किती खोल्यांचं, पाणी किती तास, कमावतं कोण. एकतिसावा प्रश्न असा आहे: अचानक अडचण आली तर तासाभरात येईल असं तुमचं कुणी आहे का? हो किंवा नाही. तुमचा तो आधाराचा रकाना मुख्यतः या एका प्रश्नावर उभा आहे."

"मग?" थोरला म्हणाला.

"आम्ही तो विचारत नाही."

"म्हणजे?"

"विचारला की माणसं रडतात, दादा. आधी विचारायचो. दारात उभं राहून परक्या माणसाने असं विचारल्यावर म्हातारी माणसं आधी हो म्हणतात, मग कोण ते सांगायला तोंड उघडतात, आणि मग त्यांचं त्यांनाच कळतं. मग आम्हाला आत बसवतात. चहा करतात. सोडत नाहीत. दिवसाला बारा घरं करायची असतात. आमच्यातला एक जुना माणूस म्हणाला, हे असं विचारायचं नसतं, बरं दिसत नाही. त्याने स्वतःच हो वर खूण करायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच केली. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. मलाही ते बरंच वाटलं. वाटलं, निदान आपण कुणाला रडवत तरी नाही."

"आणि चौथा नंबर आला," धाकटा हळू आवाजात म्हणाला.

"चौथा आला. साहेबांनी सगळ्यांना बोलावून पाठ थोपटली. मी दुसऱ्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं." मधलीने टेबलाचा काठ धरला. "मदतनिसांचे पैसे त्या रकान्यावर ठरतात. जी शहरं आधारात साठाच्या खाली, त्यांना मदतनीस मिळतात. आम्ही चौथे. आम्हाला कशाला हव्यात? चार महिन्यांत कागद आला. आठला येणारी ती बाई मी बंद केली."

थोरला खुर्चीत बसला. खिडकीखालून एक बस गेली. तिच्या अंगावरचा आकडा बघायला तो उठला नाही.

"एवढ्यावर संपत नाही," मधली म्हणाली. "मागच्या पाहणीत ही इमारत आली होती. आपल्या नात्यातलं घर आलं तर दुसऱ्याकडे द्यायचं असा नियम आहे. मी दिलं नाही. आईचा कागद मी कार्यालयात बसूनच भरला. म्हटलं, माझ्या आईचं घर मला ठाऊक नाही का? एकतिसाव्यावर हो. येणार कोण, तर मुलगी. शेवटी आयुष्याला शून्य ते दहांत किती गुण द्याल, असं असतं. मी आठ दिले. तिच्या वतीने."

मग थोरला म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, "बाबांनी रिकामा काटा बघितल्याशिवाय एकही तराजू दुकानाबाहेर सोडला नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबवायचे. आधी पारडी रिकामी ठेव, सुई मधोमध येते का बघ, मग माल टाक. तू बाबांच्या मांडीवर बसून बघितलंयस हे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही, दादा. ठाऊक होतं आणि केलं."

धाकटा उठून येरझारा घालू लागला. आता आपली बाजू जिंकली असं त्याला वाटायला हवं होतं. दादाचा चौथा नंबर खोटा निघाला होता. पण ताईचा चेहरा बघून त्याला काही जिंकावंसं वाटेना. "बघ ना," तो नुसतंच म्हणाला, "आमच्याकडे असं होत नाही. प्रश्न फोनवर येतात. ज्याचे त्याने भरायचे. मी दर वर्षी भरतो."

"एकतिसाव्याला काय भरता हो?" त्याच्या बायकोने विचारलं.

"हो असंच भरतो."

"कोण येईल?"

"म्हणजे काय? फोन केला की गाडी..."

"गाडी नाही. कोण?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती टेबलाच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसली होती.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली, "समोरच्या दाराच्या माणसाचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही. मला ताप आला होता तेव्हा तुम्ही कामावरून येईपर्यंत मी औषधासाठी थांबले. वाईट कुणीच नाही तिथे. सगळे भले आहेत. लिफ्टमध्ये हसतात. पण तुम्ही हो लिहिता ना, ते ताईंसारखंच लिहिता."

धाकटा पुन्हा बसला.

"चिमे," आतून आईचा आवाज आला. "तो कागद आहे का गं तुझ्या पिशवीत?"

*

कागद होता. मधलीच्या पिशवीत नेहमीच दहा-बारा कोरे कागद असत. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली, मांडीवर पुठ्ठा घेतला, आणि तिला लेखणी उघडता येईना. थोरला दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. धाकटा आणि त्याची बायको त्याच्या मागे.

"पहिल्यापासून विचार," आई म्हणाली. "बारा घरं नाहीत आज तुला."

"नळाला पाणी किती तास येतं?"

"तू काय लिहिलं होतंस?"

"चोवीस तास."

"खालच्या नळाला येतं. वर चढत नाही, दोन वर्षं झाली. जिन्याखालून आणते. अर्धी-अर्धी बादली, दोन खेपा. ती मदतनीस होती तोवर ती आणायची."

"मी येते तेव्हा तर पिंप भरलेलं असतं, आई."

"तू यायची म्हणून भरून ठेवते ना."

मधलीने लिहायला सुरुवात केली होती, ती थांबली. गुरुवारी पाचला ती आली तेव्हा आई ओट्याजवळच्या बोळात पडलेली होती आणि शेजारी बादली आडवी होती. फरशी वाळून गेली होती. बादली तिथे का, हे तिने त्या गडबडीत विचारलं नाही आणि नंतर मनात येऊ दिलं नाही. आता आलं. तिने खाली मान घालून उत्तर लिहिलं, आणि पाण्याचा एक थेंब कागदावर पडला तो पुसून घेतला.

आई थांबली नाही. फाटकाबाहेर महिन्यातून किती वेळा जाता, तर गेल्या आठ महिन्यांत दोनदा. मधलीने तिथे 'रोज' लिहिलं होतं. इमारतीत किती घरं नांदती आहेत, तर दोन. पहिल्या मजल्याला कुलूप आहे, ती माणसं धाकट्याच्या शहराला गेली. रात्री झोप लागते का, तर लागते, हे एक बरं आहे. बाहेर ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी प्रश्न चालूच होते, आणि दारातून कुणी हललं नाही. थोरल्याला वाटत होतं, आपण एका अनोळखी बाईबद्दल ऐकतो आहोत. ही बाई आपल्या दुकानापासून पंचवीस मिनिटांवर राहते आणि तिची आपली ओळख नाही.

"एकतीस," मधली म्हणाली.

"विचार ना."

"अचानक अडचण आली तर तासाभरात येईल असं तुमचं कुणी आहे का?"

प्रश्न कागदावर 'तुमचं' असाच होता. तो बदलायचं तिला सुचलं नाही.

आईने विचार केला. "पडले तेव्हा दोन हाका मारल्या मी. मग म्हटलं, वरखाली कोण आहे ऐकायला? तळमजल्यावरच्याला ऐकू येत नाही. घसा कशाला दुखवा. मग आठवलं, आज गुरुवार. गुरुवारी पाचला चिमी येते. एकवीस वर्षांत चुकली नाही. मग मला भीती वाटली नाही. आपल्याला फक्त पाच वाजवायचे आहेत, असं म्हटलं." तिने उजव्या हाताने चादर सारखी केली. "गुरुवारी हो, असं लिही."

"आई, दोनच चौकोन आहेत."

"बाकी सहा दिवस नाही."

"मग?"

"मग जिकडे जास्त दिवस तिकडे खूण कर. तुझा बाप असता तर त्याने हेच केलं असतं."

मागच्या दोन वर्षांत मधलीने नाहीच्या चौकोनात किती खुणा केल्या होत्या, ते ती सांगू शकली असती. एका हाताची बोटं पुरली असती. तिने खूण केली. ती वाकडी आली.

"आता दादाला विचार," आई म्हणाली.

"मला कशाला? माझं घर पाहणीत नाही," थोरला म्हणाला.

"चौथ्या नंबरच्या गावात राहतोस ना? सांग. तासाभरात कोण येईल तुझ्याकडे?"

"दुकानात माणसं असतात की दिवसभर..."

"शटर ओढल्यावर."

थोरला हसण्याच्या बेतात होता. त्याने बाहेरच्या खोलीतल्या भिंतीकडे, बाबांच्या तराजूकडे पाहिलं, मग हातांकडे. हातांना अजून वंगणाचा वास येत होता. "ती होती तोवर होतं कुणीतरी," तो म्हणाला. "आता नाही." आणि चार वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर त्याचे डोळे भरून आले. धाकट्याने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याने झटकला नाही.

"मग ठरलं," आई म्हणाली. "मी तुझ्याकडे येते."

"आई, माझं तिकीट..." धाकटा म्हणाला, आणि थांबला.

"तुझं शहर तिसरं आहे, ते असेलच. तुझी बायको मला सगळं खरं सांगून बसलीये, तिला बोलू नकोस. तिथे मी पडले तर चार मिनिटांत उचलतील, इथे उचलतील की नाही देव जाणे. मला नाव ठेवायचं नाही तुझ्या शहराला. पण तिथे तुम्ही दोघं आहात. दादा एकटा आहे. माझा उजवा हात धड आहे, आवाज खणखणीत आहे. रात्रीबेरात्री तो पडला तर मला पडद्यापलीकडून ऐकू तरी येईल." तिने धाकट्याच्या बायकोकडे पाहिलं. "आणि तुम्ही दोघं समोरचं दार वाजवा. नाव विचारा. मला फोनवर सांगा काय आहे ते."

धाकट्याने मान हलवली.

"आणि तू, चिमे? कार्यालयात सांगणार आहेस का हे?"

"सोमवारी सांगते. चौदा जणांना घेऊन पुन्हा सगळी घरं करावी लागतील. नंबर खाली जाईल, दादा. फार खाली. कदाचित माझी नोकरीही."

थोरल्याने नाक पुसलं. "कात्रण काढतो उद्या," तो म्हणाला. "चिकटवलंय घट्ट. रंग निघेल भिंतीचा."

"रंग निघू दे," आई म्हणाली. "ती बडबडी बाई परत येईल."

मधलीने उरलेले प्रश्न विचारले. संध्याकाळ व्हायला आली होती. सुनेने आत दिवा लावला. बासष्टावा प्रश्न उरला.

"सगळं मिळून, तुमच्या आयुष्याला शून्य ते दहांत किती गुण द्याल?"

"तू आठ दिले होतेस."

"हो."

"कुठून आणलेस गं आठ?"

मधलीला खरंच आठवत नव्हतं. बहुतेक घाईत तोच आकडा बरा दिसला होता.

आईने छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आतापर्यंत तिच्यासाठी सगळ्यांनी उत्तरं दिली होती, आणि हे उत्तर तिला नीट द्यायचं होतं.

"चार लिही," ती म्हणाली.

मधलीने चार लिहिले.

"पुढच्या वर्षी दादाकडे ये," आई म्हणाली, "आणि पुन्हा विचार."